दीर्घिकांच्या वेगांवरून सुपरक्लस्टरचा नकाशा: नवख्यांसाठी, अरुंधतीकेशापासून

दीर्घिकांचे वेग वापरून सुपरक्लस्टरचा, म्हणजे दीर्घिकांच्या अनेक क्लस्टरांच्या (गुरुत्वाकर्षणाने एकत्र राहिलेल्या झुंडींच्या) मोठ्या जोडणीचा, नकाशा काढणं हे काम आज घरच्या लॅपटॉपवर होतं. दुर्बीण लागत नाही, कुठल्या संस्थेचं ओळखपत्र लागत नाही, डेटा फुकट आहे. लागतं ते एवढंच: बारावीपर्यंतचं भौतिकशास्त्र, आलेख काढायची सवय आणि नकाशावरच्या रेघेकडे संशयाने बघायची तयारी. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कारण हा नकाशा जागांचा नसतो, वेगांचा असतो. त्यातली कुठली लांबी खरोखर अंतराची आहे आणि कुठली निव्वळ वेगाची, हे ओळखता आलं की बाकीचं काम म्हणजे तक्ते आणि बेरजा.

सरावासाठी मी नेहमी एकच जागा सुचवतो: अरुंधतीकेश तारकासमूहातला कोमा क्लस्टर आणि सिंह राशीतला एबल १३६७ क्लस्टर, व या दोघांना जोडणारा दीर्घिकांचा पट्टा. याला कोमा सुपरक्लस्टर म्हणतात. एप्रिल-मे महिन्यात रात्री हा भाग आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतो. एबल १३६७ तर उत्तरा फाल्गुनीच्या ठळक ताऱ्यापासून उत्तरेला जेमतेम पाच अंशांवर आहे. जागा निवडायचं खरं कारण मात्र वेगळं. आपल्या आकाशगंगेचा उत्तर ध्रुव याच दिशेला आहे, त्यामुळे मध्ये धूळ जवळपास नाही. शिवाय क्लस्टर जवळचा, सुमारे ३३ कोटी प्रकाशवर्षांवर, त्यामुळे लहानसहान दीर्घिकांचेही वर्णपट घेतलेले आहेत.

काय मोजतोय ते आधी

दीर्घिकेच्या प्रकाशाचा वर्णपट काढला की त्यात ठरावीक रेषा दिसतात. कॅल्शियमच्या दोन काळ्या रेषा, मॅग्नेशियमचा खड्डा, सोडियमची जोडी, आणि जिथे तारे जन्मत असतात तिथे हायड्रोजनची लाल उजळ रेषा. या सगळ्या रेषा प्रयोगशाळेतल्या जागेपासून लाल बाजूला सरकलेल्या असतात. सरकलेलं अंतर भागिले मूळ तरंगलांबी म्हणजे ताम्रसृती. कागदोपत्री तिला झेड म्हणतात. झेडला प्रकाशवेगाने गुणलं की किलोमीटर प्रति सेकंदात एक आकडा मिळतो. क्षेत्रातली मंडळी त्यालाच वेग म्हणतात, आपणही म्हणू.

एक उदाहरण हाताने करून बघा, पुढे फार उपयोग होतो. कोमातल्या एखाद्या लंबवर्तुळी दीर्घिकेचा वर्णपट उघडलात. डावीकडे, जिथे प्रकाशाची पातळी एकदम खाली येते तिथे, शेजारीशेजारी दोन खोल खाचा दिसतात. पहिली ४,०२५.७ आंग्स्ट्रॉमवर (आंग्स्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक), दुसरी ४,०६१.३ वर. या कॅल्शियमच्या के आणि एच रेषा. मूळ जागा ३,९३४.८ आणि ३,९६९.६. पहिलीतून झेड येते ०.०२३१. दुसरीतूनही ०.०२३१. आता ही झेड धरून सोडियमची रेषा कुठे हवी ते काढा: साधारण ६,०३२ च्या आसपास. तिथे खाच आहे का? असेल तर वेग ६,९२५ किमी प्रति सेकंद असं बिनधास्त लिहा. एकाच रेषेवरून झेड कधी ठरवू नका. एकटी रेषा कशाचीही असू शकते. किमान दोन, शक्यतो तीन रेषांनी एकच उत्तर द्यायला हवं. ५,५७७ आंग्स्ट्रॉमजवळ काही विचित्र दिसलं तर दुर्लक्ष करा. ती आपल्याच वातावरणातल्या ऑक्सिजनची चमक असते, आणि कितीही वजा केली तरी तिचा मागमूस उरतो.

इथे नवखे हमखास अडखळतात ते एका किरकोळ दिसणाऱ्या गोष्टीवर. पाठ्यपुस्तकात हायड्रोजन-आल्फाची, म्हणजे हायड्रोजनच्या त्या लाल रेषेची, तरंगलांबी ६,५६२.८ आंग्स्ट्रॉम दिलेली असते. ती हवेतली. स्लोन सर्वेक्षणाचे (आपला डेटा तिथलाच, पुढे येतोच) वर्णपट मात्र निर्वातातल्या तरंगलांबीवर बसवलेले असतात, आणि निर्वातात हीच रेषा ६,५६४.६ वर असते. फरक दोन आंग्स्ट्रॉमहून कमी, पण वेगात तो ८० किमी प्रति सेकंदांहून जास्त भरतो. सगळ्या दीर्घिका एकसारख्या सरकल्या तर नकाशाचा आकार बिघडत नाही हे खरं. पण दुसऱ्या कुणाचे आकडे आणून यात मिसळलेत की घोळ होतो. वर दिलेल्या कॅल्शियमच्या जागा निर्वातातल्याच आहेत.

डेटा उतरवून घेणं

स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे, म्हणजे एसडीएसएस, ही न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंट वेधशाळेतल्या अडीच मीटर दुर्बिणीवरची मोहीम. तिची पद्धत माहीत असली तर डेटातल्या खोडी समजतात. आकाशाच्या प्रत्येक तुकड्यासाठी ॲल्युमिनियमची एक तबकडी घ्यायची, प्रत्येक दीर्घिकेच्या जागी भोक पाडायचं, आणि त्या भोकात हाताने एकेक प्रकाशतंतू खोचायचा. सुरुवातीच्या वर्षांत एका तबकडीवर असे ६४० तंतू असत, पुढे १,००० झाले. तंतूला जाडी असते, त्यामुळे एका तबकडीवर दोन तंतू ५५ विकलांपेक्षा (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) जवळ बसत नसत. म्हणजे जिथे दीर्घिकांची सगळ्यात दाटी, तिथेच वेग मोजायचे राहून जातात. क्लस्टरच्या गाभ्यात तुम्हाला विरळपणा दिसला तर आधी तंतूंवर संशय घ्या, मग निसर्गावर.

स्कायसर्व्हर नावाच्या त्यांच्या पानावर एसक्यूएलमध्ये, म्हणजे तक्त्यांतून माहिती मागवायच्या भाषेत, प्रश्न विचारता येतो. एसक्यूएल येत नसेल तर घाबरू नका, तिथे तयार नमुने आहेत. त्यातले आकडे बदलायचे. तक्ता निवडा स्पेकऑब्ज. स्पेकऑब्जऑल नको, त्यात एकाच दीर्घिकेच्या अनेक नोंदी असतात. वर्ग ‘गॅलक्सी’ असावा, झेड-वॉर्निंगचा, म्हणजे झेडबद्दलच्या शंकेचा, रकाना शून्य असावा. विषुवांश १७० ते २०० अंश, क्रांती १७ ते ३३ अंश (हे आकाशातले रेखांश-अक्षांश समजा), आणि झेड ०.०१५ ते ०.०३५. मागवायचे रकाने: विषुवांश, क्रांती, झेड, झेडची त्रुटी, आणि लाल पट्ट्यातली दृश्यप्रत, म्हणजे दिसणाऱ्या तेजाचं माप. दृश्यप्रत दुसऱ्या तक्त्यात असते, म्हणून तिच्यासाठी दोन तक्ते जोडावे लागतील; नमुन्यांत तेही आहे. उत्तरादाखल चार हजारांच्या आसपास ओळी याव्यात. चारशे किंवा चाळीस हजार आल्या तर प्रश्नात काहीतरी चुकलंय.

उतरवलेल्या यादीवर लगेच आलेख काढायला बसू नका. आधी तीन गोष्टी साफ करायच्या. मोठ्या जवळच्या सर्पिल दीर्घिकेतला एखादा तेजस्वी ठिपका कधी कधी स्वतंत्र दीर्घिका म्हणून नोंदला जातो. त्यामुळे काही विकलांच्या आत, जवळजवळ एकाच वेगाच्या दोन नोंदी दिसल्या की चित्र उघडून डोळ्यांनी बघा. दुसरं, एसडीएसएसने मुख्य नमुन्यात फार तेजस्वी दीर्घिका टाळल्या होत्या, कारण त्यांचा प्रकाश शेजारच्या तंतूंच्या वर्णपटांत सांडतो. म्हणून गाभ्यातल्या बड्या दीर्घिकांचे वेग ‘नेड’ या खुल्या संग्रहातून आणून भरावे लागतात. तिसरं, झेडच्या त्रुटीचा रकाना प्रकाशवेगाने गुणून बघा. बहुतेकांची त्रुटी ३० किमी प्रति सेकंदांच्या आत निघेल. १५० च्या वर असलेल्या वेगळ्या काढून ठेवा.

तक्ते हाताळायला टॉपकॅट हा फुकट प्रोग्रॅम मला सगळ्यात सोयीचा वाटतो. पायथन येत असेल तर ॲस्ट्रोपाय आहेच. पण पहिला नकाशा साध्या स्प्रेडशीटवरही निघतो, आणि तो तसाच काढावा असं माझं मत आहे. तयार आज्ञा वापरली की आत काय चाललंय ते कळत नाही.

वेग कुणाच्या दृष्टीने?

पृथ्वी सूर्याभोवती ३० किमी प्रति सेकंदाने फिरते, ती दुरुस्ती एसडीएसएसने आधीच केलेली असते. तुम्हाला मिळालेला वेग सूर्याच्या दृष्टीने आहे. पण सूर्यही स्थिर नाही. विश्वाच्या पार्श्वप्रारणाच्या (महास्फोटानंतर उरलेल्या, सगळ्या आकाशातून येणाऱ्या प्रारणाच्या) तुलनेत तो सुमारे ३७० किमी प्रति सेकंद वेगाने सिंह आणि चषक यांच्या सीमेकडे चाललेला आहे, म्हणजे बरंचसं आपल्या नकाशाच्या दिशेलाच. त्या दिशेशी दीर्घिका जो कोन करते त्याचा कोसाइन घ्यायचा, ३७० ने गुणायचं आणि वेगात मिळवायचं. कोमासाठी ही भर २७० च्या आसपास येते, एबल १३६७ साठी सुमारे ३२५. म्हणून कोमाचा सरासरी वेग कुठे ६,९०० दिसतो, कुठे ७,२००. दोन्ही बरोबर असतात, चौकट, म्हणजे वेग कशाच्या तुलनेत मोजला ते, वेगळी असते. तुमच्या तक्त्यात कुठली चौकट वापरली ते रकान्याच्या नावातच लिहून ठेवा.

पहिला नकाशा

विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे दीर्घिका जितकी लांब तितका तिचा वेग जास्त; या प्रमाणाचा आकडा म्हणजे हबल स्थिरांक. वेग भागिले हबल स्थिरांक म्हणजे अंतर. हबल स्थिरांक ७० धरा, मेगापार्सेकमागे किमी प्रति सेकंद. त्याची नेमकी किंमत ६७ की ७३ यावर मोठमोठ्या गटांत वाद आहे, पण त्याने आपला नकाशा फक्त लहान-मोठा होतो, आकार बदलत नाही. ७,२०० भागिले ७० म्हणजे १०३ मेगापार्सेक. एक मेगापार्सेक म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षं, तर झाली साधारण साडेतेहतीस कोटी.

आता पंख्याच्या आकाराचा आलेख काढायचा. टोकाशी आपण. कोन म्हणून विषुवांश, टोकापासूनचं अंतर म्हणून वेग. स्प्रेडशीटमध्ये दोन नवे रकाने करा: वेग गुणिले विषुवांशाचा कोसाइन, आणि वेग गुणिले साइन. दोन्हींचा ठिपक्यांचा आलेख काढा. क्रांतीचा पट्टा १६ अंश रुंद आहे, तो सगळा एकावर एक पडेल. हवं तर पाच-सहा अंशांचे तुकडे करून वेगवेगळे आलेख काढा.

आलेख बघताक्षणी दोन गोष्टी दिसतील. ७,००० च्या आसपास आडवा पसरलेला दाट पट्टा, आणि विषुवांश १९५ अंशाजवळ थेट आपल्याकडे रोखलेला एक लांब दांडा. १७६ अंशाजवळही तसाच, थोडा आखूड.

हाच दांडा एकेकाळी फार गाजला. १९८६ साली व्हॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर आणि जॉन हक्रा यांनी ॲरिझोनातल्या माउंट हॉपकिन्सवरच्या दीड मीटर दुर्बिणीने मोजलेल्या सुमारे १,१०० दीर्घिकांचा असाच पंखा प्रसिद्ध केला. दीर्घिका पोकळ फुग्यांच्या कडांवर बसल्यासारख्या दिसत होत्या, आणि मधोमध हातपाय पसरलेला काड्यांचा माणूस उभा होता. चित्र जगभर छापून आलं. त्या माणसाचे हात म्हणजे पुढे महाभिंत म्हणून ओळखली गेलेली, दीर्घिकांच्या विस्तीर्ण पट्ट्याची खरी रचना. त्याचं धड मात्र कोमा क्लस्टर होता, आणि ती लांबी अंतराची नव्हतीच.

दांड्याचा हिशेब

इथे थांबून नीट हिशेब करू, कारण सगळी मेख इथे आहे. कोमाच्या गाभ्यात दोन अजस्र दीर्घिका शेजारीशेजारी आहेत, एनजीसी ४८८९ आणि एनजीसी ४८७४. पहिलीचा वेग सुमारे ६,५००, दुसरीचा सुमारे ७,२००. फरक ७०० किमी प्रति सेकंद. हबलच्या नियमात सरळ घातलं तर दोघींत दहा मेगापार्सेकचं, म्हणजे तीन कोटी प्रकाशवर्षांहून जास्त अंतर निघतं. प्रत्यक्षात दोघी एकाच क्लस्टरच्या गाभ्यात आहेत. हा फरक विश्वाच्या प्रसरणाचा नाही. क्लस्टरच्या गुरुत्वाकर्षणात दीर्घिका सैरावैरा धावतात, कुणी आपल्याकडे येतंय, कुणी लांब जातंय, त्याचा आहे. कोमातल्या वेगांचं प्रमाण विचलन १,००० किमी प्रति सेकंदांच्या घरात आहे. म्हणजे सदस्यांचे वेग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चारेक हजार किमी प्रति सेकंदांत पसरतात. नकाशावर ती झाली जवळजवळ साठ मेगापार्सेकची लांबी. क्लस्टरची आकाशातली खरी रुंदी मात्र सहाएक मेगापार्सेक. एका गोलसर गोष्टीची दसपट लांब काठी झाली. इंग्रजी लेखांत हिला ‘देवाची बोटं’ म्हणतात, कारण सगळ्या काठ्या बघणाऱ्याकडेच रोखलेल्या असतात. रचना खरी असती तर तिला आपला पत्ता कसा ठाऊक असता?

याच विचलनावरून १९३३ साली फ्रिट्झ झ्विकीने कोमाचं वस्तुमान काढलं आणि ते दिसणाऱ्या ताऱ्यांच्या मानाने कैक पटींनी जास्त निघालं. कृष्णद्रव्याची, म्हणजे न दिसणाऱ्या द्रव्याची, चर्चा सुरू झाली ती इथून. तेव्हा दांडा म्हणजे कचरा नव्हे. तो क्लस्टरचं वजन सांगतो. फक्त त्याला लांबी समजायचं नाही.

क्लस्टरच्या बाहेर याच्या उलट गंमत होते, आणि ती लपून होते म्हणून जास्त धोक्याची. त्या महाभिंतीच्या अलीकडच्या बाजूच्या दीर्घिका भिंतीकडे, म्हणजे आपल्यापासून लांब, ओढल्या जातात. त्यांचा वेग वाढतो. पलीकडच्या आपल्या दिशेने ओढल्या जातात, त्यांचा घटतो. दोन्ही बाजू नकाशावर भिंतीला चिकटतात आणि भिंत खरी असते त्याहून पातळ, जास्त रेखीव दिसते. निक कैसरने १९८७ साली याचं गणित मांडलं. दांडा कुणालाही डोळ्यांनी दिसतो. पातळ झालेली भिंत मात्र फक्त सुंदर दिसते, म्हणून तिच्यावर कुणी शंका घेत नाही.

काठ्या मोडणं

कोमाच्या केंद्राभोवती, विषुवांश १९४.९५ आणि क्रांती २७.९८ अंश, दीड अंश त्रिज्येच्या वर्तुळातल्या दीर्घिका निवडा आणि त्यांच्या वेगांचा स्तंभालेख काढा. मधे उंच टेकडी, दोन्ही बाजूंना तुरळक भटके. मध्यक काढा, प्रमाण विचलन काढा, तीन विचलनांबाहेरचे वगळा, पुन्हा काढा. तीन-चार फेऱ्यांत आकडे स्थिरावतात. सरासरीऐवजी मध्यक घ्यायचा कारण एखादा भटका सरासरीला लांब ओढून नेतो. थोडं पुढे गेलात की बायवेट नावाचा अंदाजक वापरा, कमी सदस्यांच्या समूहात तो जास्त भरवशाचा. सदस्याचा क्लस्टरमधला वेग काढताना फरकाला एक अधिक झेडने भागायला विसरू नका. कोमासाठी हा फरक दोन टक्क्यांचा आहे, लांबच्या क्लस्टरसाठी खूपच मोठा होतो.

सगळे लहान-मोठे समूह असे हाताने शोधणं शक्य नाही. त्यासाठी हक्रा आणि गेलर यांनीच १९८२ मध्ये रूढ केलेली ‘मित्रांचे मित्र’ पद्धत आहे. दोन दीर्घिका आकाशात ठरावीक अंतराच्या आत असतील आणि त्यांच्या वेगांतला फरकही ठरावीक मर्यादेत असेल, तर त्या मैत्रिणी. मैत्रिणीची मैत्रीण तीही आपल्याच समूहातली. आकाशातलं अंतर आणि वेग यांना वेगवेगळ्या मर्यादा द्यायच्या, ही त्यातली किल्ली. सुरुवात अर्ध्या मेगापार्सेकने आणि ५०० किमी प्रति सेकंदाने करा, मग दोन्ही कमी-जास्त करून बघा. मर्यादा सैल केली की कोमा आणि एबल १३६७ एकाच समूहात जातात. फार आवळली की कोमाचेच तुकडे पडतात. मधे कुठेतरी निकाल फारसा हलत नाही, तिथे थांबायचं. कुठे थांबलात आणि का, ते लिहून ठेवायचं.

समूह मिळाले की प्रत्येक समूहातल्या दीर्घिकांना समूहाचा मध्यक वेग द्या. सगळ्या एका बिंदूवर साचू नयेत म्हणून समूहाच्या आकाशातल्या रुंदीइतकाच यादृच्छिक पसारा खोलीच्या दिशेने घाला. आता पंखा पुन्हा काढा. काड्यांच्या माणसाचं धड आखडून गाठ होते, हात राहतात. कोमा आणि एबल १३६७ आकाशात १९ अंशांवर आहेत, म्हणजे आडवे ३३ मेगापार्सेक. पार्श्वप्रारणाच्या चौकटीत त्यांच्या वेगांतला फरक पावणेतीनशेच्या आसपास, म्हणजे खोलीत जेमतेम चार मेगापार्सेक. दोन्ही क्लस्टर आणि मधला पट्टा आपल्यासमोर जवळपास आडवा पसरलाय, हे वाक्य आता तुम्ही आधाराने लिहू शकता. पहिल्या आलेखावरून लिहिलं असतं तर तो अंदाज झाला असता.

उजेडाची मर्यादा

एसडीएसएसचा मुख्य नमुना लाल पट्ट्यात १७.७७ प्रतीपर्यंतचा. कोमाच्या अंतरावर ही मर्यादा सुमारे उणे १७.३ निरपेक्ष प्रतीला लागते (निरपेक्ष प्रत म्हणजे मूळ तेजाचं माप; आकडा जितका लहान तितकी दीर्घिका तेजस्वी). आपण निवडलेल्या भागाच्या अलीकडच्या टोकाला याहून मंद दीर्घिका दिसतात, पलीकडच्या टोकाला दिसत नाहीत. त्यामुळे काहीच न करता घनता काढली तर जवळचा भाग दाट आणि लांबचा विरळ निघतो. उपाय सरळ आहे. निवडलेल्या भागाच्या लांबच्या टोकाला जी सगळ्यात मंद दीर्घिका दिसू शकते, तिच्याहून मंद असलेल्या सगळीकडून काढून टाका. ओळी कमी होतात, जिवावर येतं, पण घनतेचा नकाशा याच यादीवरून करायचा. पंखा काढायला मात्र पूर्ण यादी चालते.

पुण्यातून सापडलेली भिंत

कोमा जमला की सरस्वती. २०१७ साली पुण्यातल्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या खगोलशास्त्रज्ञांच्या गटाने, जयदीप बागची आणि शिशिर सांख्यायन त्यात पुढे होते, मीन राशीच्या दिशेला एक सुपरक्लस्टर जाहीर केला आणि त्याला सरस्वती नाव दिलं. डेटा हाच, एसडीएसएसचा, खगोलीय विषुववृत्तालगतच्या स्ट्राइप ८२ नावाच्या पट्ट्यातला. अंतर सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं, लांबी सुमारे ६० कोटी, निदान ४३ क्लस्टर आणि समूह, गाभ्यात एबल २६३१. त्या गटातले सोमक रायचौधुरी यांनी १९८९ मध्ये शापली सुपरक्लस्टरवरही महत्त्वाचं काम केलं होतं.

नवख्याने सरस्वतीपासून सुरुवात करू नये, कारण तिथे वरचे सोपे नियम मोडतात. झेड ०.२८ आहे. प्रकाशवेगाने गुणलंत तर ८४,००० येतात, पण त्याला ७० ने भागून मिळणारं १,२०० मेगापार्सेक हे अंतर चुकतं. प्रसरणाचा वेग वाटेत बदललेला आहे. ॲस्ट्रोपायमधलं विश्वरचनेचं मॉड्यूल वापरून सहगामी अंतर, म्हणजे प्रसरण हिशेबात धरून आजचं अंतर, काढा, ते ११०० च्या थोडं वर येतं. एक अधिक झेडचा भागाकार आता २८ टक्क्यांचा फरक पाडतो. आणि १७.७७ ची मर्यादा इतक्या लांब उणे २३ च्या आसपास लागते, म्हणजे मुख्य नमुन्यातून फक्त महाकाय दीर्घिका हाती लागतात. त्यापुढे तेजस्वी लाल दीर्घिकांच्या खास नमुन्यावर भिस्त. कोमात एका समूहात शेकडो ठिपके असतात, इथे पाच-दहांवर भागवावं लागतं.

अंतर वेगळं मोजता आलं तर

आतापर्यंत वेगावरूनच अंतर काढलं. पण वेगात दोन भाग असतात: प्रसरणाचा आणि दीर्घिकेचा स्वतःचा. अंतर दुसऱ्या मार्गाने मिळालं तर स्वतःचा वेग वेगळा काढता येतो, आणि मग कोण कुणाकडे ओढलं जातंय ते दिसतं. सर्पिल दीर्घिकांसाठी टली-फिशर पद्धत, १९७७ पासूनची: दीर्घिका जितक्या जोरात फिरते तितकी ती मुळात तेजस्वी. फिरण्याचा वेग हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर रेडिओरेषेच्या रुंदीवरून मिळतो. कोमात ही रेषा १,४२० ऐवजी १,३८८ मेगाहर्ट्झच्या आसपास सापडते, म्हणजे नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या टप्प्यात. अर्थात अशा रुंदींची मोठी यादी हवी असेल तर आरेसिबो दुर्बिणीच्या अल्फाल्फा सर्वेक्षणाकडे जा. कोमाचा भाग त्यात आहे.

मात्र या पद्धतीत एका दीर्घिकेचं अंतर १५-२० टक्क्यांनी चुकू शकतं. ७,२०० चे २० टक्के म्हणजे १,४४०, आणि आपण शोधतोय तो स्वतःचा वेग बहुधा तीन-पाचशे किमी प्रति सेकंद. एका दीर्घिकेवरून काही म्हणजे काही सांगता येत नाही. पंचवीस सदस्यांच्या समूहाची सरासरी घेतली की त्रुटी पाचपट उतरते, तिथून बोलायला जागा होते.

ब्रेंट टली, एलेन कुर्तुआ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये आठेक हजार दीर्घिकांची अशी अंतरं वापरून आपल्या स्वतःच्या सुपरक्लस्टरची सीमा आखली आणि त्याला लानियाकिया म्हटलं. त्यांची व्याख्या दाटीवर नाही, ओघावर आहे. महाबळेश्वरच्या एकाच डोंगरावर पडलेलं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं आणि सावित्रीतून अरबी समुद्राला. सीमा ठरते ती पाणी कुठे वळतं त्यावरून. तसंच, ज्या दीर्घिकांचे स्वतःचे वेग एकाच केंद्राकडे वळतात त्या एका सुपरक्लस्टरच्या. या व्याख्येने कोमा आपल्या शेजारी येतो, आपल्यात येत नाही. दाटीची व्याख्या आणि ओघाची व्याख्या वेगवेगळ्या सीमा देतात, तेव्हा कुणाचाही नकाशा वाचताना आधी विचारा की सीमा कशावरून आखली आहे.

पुढचा डेटा

ॲरिझोनातल्या किट पीकवरच्या चार मीटर मेयॉल दुर्बिणीवर डेसी हे उपकरण बसवलेलं आहे. त्याचे ५,००० तंतू हाताने खोचत नाहीत, छोटे रोबो त्यांना जागेवर नेतात. त्याचा पहिला मोठा डेटासंच मार्च २०२५ मध्ये सर्वांना खुला झाला, आणि जवळच्या तेजस्वी दीर्घिकांची त्याची मर्यादा एसडीएसएसपेक्षा बरीच खोल आहे. कोमाच्या गाभ्यातली तंतूंमुळे राहिलेली भोकं भरायला पहिल्यांदा इथेच शोधा. दोन्ही याद्या जोडताना टॉपकॅटमध्ये एका विकलेच्या आतल्या नोंदी एकच दीर्घिका धरा. जिथे दोघांचे वेग शंभर किमी प्रति सेकंदांपेक्षा जास्त वेगळे निघतील, तिथे दोन्ही वर्णपट उघडून कॅल्शियमच्या त्या दोन खाचा स्वतः मोजा.